एकोणीस महिन्यांचं लिस्बन

लिस्बनच्या विमानतळाला २०१६ साली उंबेर्तो देलगादो यांचं नाव देण्यात आलं. देलगादो हवाईदलाचे जनरल. टॅप ही पोर्तुगीज विमान कंपनी त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली, त्यामुळे विमानतळाला त्यांचं नाव शोभतंच. पण ते दिलं गेलं वेगळ्या कारणासाठी. १९५८ साली ते हुकूमशहा सालाझारच्या उमेदवाराविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे राहिले. निवडून आलात तर सालाझारचं काय कराल, असं पत्रकारांनी विचारल्यावर, अर्थातच त्याला काढून टाकीन, असं त्यांनी भर पत्रकार परिषदेत सांगितलं. त्या देशात असं चारचौघांत बोलायची तेव्हा कुणाची छाती नव्हती. सभांना माणसं लोटली, मतमोजणी सरकारला हवी तशी झाली, आणि पुढच्याच वर्षी सालाझारने राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडायची पद्धत बंद करून टाकली. देलगादो परागंदा झाले. १९६५ च्या फेब्रुवारीत ‘पिदे’ या राजकीय पोलिसांनी त्यांना फसवून स्पेनच्या हद्दीत बोलावलं आणि त्यांचा व त्यांच्या सचिव असलेल्या बाईंचा खून केला.

देलगादोंवर गोळ्या झाडणाऱ्याचं नाव कासिमिरो मोंतेरो. हे नाव मी देलगादोंच्या नावाच्या कितीतरी आधी ऐकलं होतं. माझं आजोळ बांद्याचं, गोव्याच्या सीमेला लागून. १९५५ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रहींच्या तुकड्या तिथून पत्रादेवीकडे गेल्या आणि पोर्तुगीजांच्या गोळ्यांना सामोऱ्या गेल्या. त्या दिवसाच्या आठवणी सांगणारी माणसं माझ्या लहानपणी तिथे होती आणि ‘मोंतेरो’ म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा. गोव्यातल्या कोठड्यांमध्ये स्वातंत्र्यसैनिकांना अमानुष मारहाण करणारा एजंट मोंतेरो तो हाच. जन्माने गोव्याचाच. गोवा सुटल्यावर तो साम्राज्याच्या इतर भागांत तेच काम करत राहिला. देलगादोंच्या खुनाबद्दल पोर्तुगालच्या न्यायालयाने १९८१ साली त्याला शिक्षा सुनावली, ती गैरहजेरीत. तो दक्षिण आफ्रिकेत राहत होता आणि तिथेच म्हातारा होऊन मेला.

पासपोर्टच्या रांगेत उभी असताना हे सगळं मनात होतं. ज्याला मारलं त्याच्या नावाचा विमानतळ झाला आणि मारणारा सुखाने जगला, या दोन्ही गोष्टी एकाच लोकशाहीने केल्या. ती लोकशाही कशी उभी राहिली हे मला तिथल्या रस्त्यांवर हिंडून समजून घ्यायचं होतं. पणजीत राहून पोर्तुगीज शिकले होते, कागदपत्रं बरीच वाचली होती. राजवट पडली तो दिवस, २५ एप्रिल १९७४, जगभर माहीत आहे. बंदुकांच्या नळ्यांत खोवलेली लाल कार्नेशनची फुलं सगळ्यांनी पाहिली आहेत. माझं लक्ष होतं त्या दिवसापासून २५ नोव्हेंबर १९७५ पर्यंतच्या एकोणीस महिन्यांवर. तेवढ्या अवधीत सहा हंगामी सरकारं आली, दोनदा लष्करी उठाव फसले, बँका सरकारजमा झाल्या, साम्राज्य गेलं, आणि देश यादवी युद्धाच्या काठावर जाऊन परत फिरला.

पहिल्या सकाळी लार्गो दो कार्मोला गेले. मे संपत आला होता, चौकातल्या जकारंडांचा जांभळा सडा फरशीवर पडला होता. एका अंगाला १७५५ च्या भूकंपात छप्पर गमावलेला कार्मोचा मठ, आणि त्याला लागूनच निमलष्करी पोलिसांचं मुख्यालय. सालाझारनंतर सत्तेवर आलेला मार्सेलो काएतानो त्या दिवशी इथे लपला होता. बाहेर सांतारेंच्या घोडदळ शाळेतून रणगाडे घेऊन आलेला कॅप्टन साल्गैरो माया उभा होता, वय २९. रेडिओवरून लोकांना घरीच थांबायला सांगितलं जात होतं आणि लोक होते की झाडांवर, खांबांवर चढून बसले होते. काएतानोने शरणागती पत्करली, पण कॅप्टनसमोर नाही. सत्ता रस्त्यावर पडू नये म्हणून ती एखाद्या जनरलच्या हाती द्यायची, असा त्याचा हट्ट होता. म्हणून जनरल स्पिनोलाला बोलावण्यात आलं. मायाच्या स्मरणार्थ चौकात जमिनीत एक गोल पाटी बसवली आहे. पर्यटक तिच्यावरून चालत मठाकडे जातात.

तिथून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर आंतोनियो मारिया कार्दोझो नावाचा अरुंद, चढाचा रस्ता आहे. याच रस्त्यावर पिदेचं मुख्यालय होतं. २५ एप्रिलच्या संध्याकाळी, बाकी शहर नाचत असताना, इथल्या खिडक्यांतून जमावावर गोळीबार झाला आणि चार माणसं मेली. रक्ताविना झालेली क्रांती असं जे म्हटलं जातं ते या चौघांना वगळून. त्या इमारतीत आता महागडे फ्लॅट आहेत. भिंतीवर चार नावांची पाटी आहे, पण ती शोधावी लागते. मी शोधत असताना तळमजल्याच्या फाटकातून एक तरुण जोडपं बाबागाडी घेऊन बाहेर पडलं. त्यांचा काही दोष नाही, घर म्हणजे घर. तरीही त्या फाटकाकडे पाहताना मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

पिदेच्या माणसांचं पुढे काय झालं, हा प्रश्न मी जिथे जाईन तिथे विचारला. सुरुवातीला शेकडोंना पकडलं. १९७५ च्या जूनमध्ये आल्कुएंत्रेच्या तुरुंगातून त्यांच्यातले ८९ जण एकदम पळाले. खटले चालवायला खास कायदा झाला, मग हळूहळू सौम्य होत गेला. पुष्कळांना कच्च्या कैदेत काढलेले दिवस हीच शिक्षा धरून सोडून देण्यात आलं. खुद्द काएतानो आणि राष्ट्राध्यक्ष तोमास यांना तर मदेइरा बेटावरून ब्राझीलला जाऊ दिलं होतं. कैद्याला दिवसेंदिवस झोपू न देणं, तासन्‌तास पुतळ्यासारखं उभं करून ठेवणं, ही त्या पोलिसांची कार्यपद्धती. कॅथेड्रलच्या बाजूला आल्जूब नावाचा जुना तुरुंग आहे, २०१५ पासून तिथे संग्रहालय आहे. माणूस जेमतेम आडवा होईल एवढ्या कोठड्या तिथे पुन्हा उभारून दाखवल्या आहेत. मी एकीत आत जाऊन उभी राहिले आणि लगेच बाहेर आले.

कायश दो सोद्रे स्थानकातून काशकाइशला जाणारी लोकल तेजो नदीच्या काठाकाठाने धावते. नदी समुद्राला मिळते त्या सुमाराला काशियश नावाचं छोटं स्टेशन येतं. सर्फिंगच्या फळ्या काखेत मारून पोरं उतरली, त्यांच्यामागून मी. चढावर झाडीच्या वर किल्ल्याच्या भिंती दिसतात. आत अजूनही तुरुंग आहे, त्यामुळे पाहायला जाता येत नाही, फक्त बाहेरच्या रस्त्याने फिरता येतं. सांगलीचा एक तरुण गोव्यात शिक्षक म्हणून गेला, आझाद गोमंतक दलात शिरला, बेतीच्या पोलिस चौकीवरल्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला आणि २६ वर्षांची शिक्षा घेऊन शेवटी इथे येऊन पडला. ते मोहन रानडे. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा ते या भिंतींच्या आत होते, आणि त्यानंतरही सात वर्षं होते. सुधीर फडक्यांसारख्या माणसांनी त्यांच्या सुटकेसाठी जिवाचं रान केलं. १९६९ च्या जानेवारीत ते सुटले. त्यांचं ‘सतीचे वाण’ मी कॉलेजात वाचलं होतं. त्या पुस्तकातली एकही ओळ आठवायचा प्रयत्न न करता मी त्या रस्त्याने नुसती चालत राहिले.

रानडे सुटले त्यानंतर पाच वर्षांनी हा तुरुंग रिकामा झाला, आणि तो कसा रिकामा झाला यात पुढच्या सगळ्या भांडणाचं बीज आहे. क्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दाराबाहेर नातेवाइकांची गर्दी उसळली होती. स्पिनोला मात्र सगळ्यांना सोडायला तयार नव्हता. ज्यांच्यावर हिंसेचे आरोप आहेत त्यांची वेगळी छाननी करावी, असं त्याचं म्हणणं. आतल्या कैद्यांनी उत्तर पाठवलं: सगळे बाहेर येऊ, नाहीतर कुणीच नाही. शेवटी २६ च्या रात्री दारं उघडली ती सगळ्यांसाठी. राजवट पाडणाऱ्यांचंच एकमत नव्हतं, हे पहिल्या छत्तीस तासांत उघड झालं. स्पिनोलाला साम्राज्य सैल करायचं होतं, सोडायचं नव्हतं. आफ्रिकेतल्या वसाहतींत १९६१ पासून लढून थकलेल्या, उठाव घडवणाऱ्या कॅप्टनांना युद्ध तत्काळ थांबवायचं होतं. देशाबाहेरून परतलेल्या कम्युनिस्टांना, समाजवाद्यांना, तेव्हाच बाळसं धरणाऱ्या उजव्या पक्षांना आपापला पोर्तुगाल हवा होता. सप्टेंबर संपता संपता स्पिनोला पायउतार झाला, आणि पुढच्या ११ मार्चला त्याच्या बाजूच्या सैनिकांनी केलेला उठाव फसल्यावर स्पेनला पळाला.

मी कांपो द ओउरीक या भागात एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी खोली घेऊन राहिले होते. बाई सत्तरीच्या पुढच्या, ताठ, सकाळी दुधाळ कॉफीचा ग्लास घेऊन रेडिओसमोर बसणाऱ्या. मी कशासाठी आलेय हे कळल्यावर त्या रोज थोडं थोडं सांगू लागल्या. त्यांची आईही शिक्षिका होती. तिच्या काळात प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकेला लग्न करायला मंत्रालयाची परवानगी लागायची आणि होणाऱ्या नवऱ्याची मिळकत व चालचलणूक सरकार तपासायचं. नवऱ्याच्या संमतीशिवाय बाईला परदेशी जाता येत नसे. चर्चमध्ये लग्न झालेल्यांना घटस्फोट नव्हता. तो १९७५ साली मिळाला. न्यायाधीशाची खुर्ची स्त्रियांना १९७४ साली खुली झाली. बाई म्हणाल्या, “रणगाडे तुम्हाला दिसतात. आमच्या घरात काय बदललं ते कुणी फोटो काढून ठेवलेलं नाही.”

बाईंनी १९७५ च्या निवडणुकीत मतदान केंद्रावर काम केलं होतं. इथे मला थोडं थांबायला हवं, कारण पोर्तुगालच्या कहाणीत मला सर्वांत मोठी वाटते ती हीच गोष्ट. कॅप्टनांनी आपल्या पहिल्या जाहीरनाम्यात लिहून दिलं होतं की बारा महिन्यांच्या आत घटना समिती लोकांकडून निवडली जाईल. अशी वचनं बहुतेक लष्करं देतात. इथे त्या वर्षात काय काय होऊनही, २५ एप्रिल १९७५ या ठरल्या दिवशी, वर्षाच्या वर्षाला, निवडणूक झाली. त्याआधी मतदारयादी शून्यापासून बनवावी लागली. हुकूमशाहीच्या शेवटच्या वर्षांत मतदार वीस लाखांहूनही कमी होते. नव्या यादीत बासष्ट लाखांहून अधिक नावं आली. देशात चौघांतल्या एकाला लिहिता-वाचता येत नव्हतं. सैनिकांची पथकं उत्तरेच्या डोंगराळ खेड्यांत नाटकं, चित्रपट, डॉक्टर घेऊन गेली, मत म्हणजे काय ते समजावत. तिथे अनेक ठिकाणी लोकांनी त्यांच्याकडे संशयाने पाहिलं, कारण गावच्या पाद्र्याने लाल बावट्याची भीती घालून ठेवली होती आणि सैनिकांची भाषणंही शहरी क्रांतिकारकांची होती. ज्यांना काही कळत नाही त्यांनी मतपत्रिका कोरी टाकावी, असंही लष्करातल्या काहींनी सुचवलं. लोकांनी ते मानलं नाही. कोरी आणि बाद मतं मिळून सात टक्क्यांच्या आसपास भरली. मतदान झालं ९१ टक्क्यांहून अधिक.

बाईंचे वडील तेव्हा साठीचे, आयुष्यातलं पहिलं खरं मत द्यायला निघालेले. लग्नातला कोट घालून ते पहाटेच रांगेत जाऊन उभे राहिले. आत आल्यावर त्यांनी मुलीला ओळख दाखवली नाही, कारण मतदान केंद्रावरच्या अधिकाऱ्याशी सलगी करणं बरं दिसणार नाही. हे सांगताना बाईंनी ग्लास खाली ठेवला आणि चष्मा पुसला.

निकालही ऐकण्यासारखा आहे. रस्त्यावर सर्वांत जास्त आवाज कम्युनिस्टांचा आणि त्यांच्याहून डाव्या गटांचा होता. मतपेटीत मारियो सोआरेस यांच्या समाजवादी पक्षाला जवळपास ३८ टक्के, मध्यममार्गी लोकशाहीवाद्यांना २६ टक्के आणि कम्युनिस्टांना साडेबारा टक्के मतं मिळाली. देशात किती माणसं काय म्हणतात हे पहिल्यांदा मोजलं गेलं होतं. म्हणून प्रश्न सुटला असं मात्र झालं नाही. निवडणुकीच्या दोनच आठवडे आधी सगळ्या मोठ्या पक्षांना लष्करासोबत करार करावा लागला होता, की पुढची काही वर्षं सैनिकांची क्रांती परिषद त्यांच्या डोक्यावर राहील. म्हणजे आता देशात दोन मालक झाले, एक बंदुकीने आलेला, एक मताने. पंतप्रधान वास्को गोन्साल्व्हेस यांना कुणी निवडलेलं नव्हतं आणि ते क्रांतीच्या नावाने राज्य करत होते. त्या उन्हाळ्यात उत्तरेत कम्युनिस्टांच्या कचेऱ्या जाळल्या गेल्या, दक्षिणेत जमिनी ताब्यात घेतल्या गेल्या, छापखान्यांत कामगार आणि संपादक एकमेकांना बाहेर काढू लागले, बराकींत शिपाई अधिकाऱ्यांचे हुकूम मतदानाला टाकू लागले.

संसद आहे त्या साऊं बेंतोच्या पांढऱ्या राजवाड्यासमोर मी एक अख्खी दुपार काढली. १९७५ च्या नोव्हेंबरात बांधकाम कामगारांनी मजुरीच्या मागणीसाठी या इमारतीला वेढा घातला. निवडून आलेले सदस्य दीड दिवस आत अडकून पडले. कामगारांची मागणी चुकीची होती असं मी म्हणणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या नाडलेली माणसं होती ती. पण ज्या सभेला देशाने नुकतंच मत दिलंय तिची दारं जाम करून मागणी मान्य करून घेता येते हे एकदा दिसलं, की उद्या दुसरा कुणीतरी, अधिक वाईट हेतूचा, तेच करतो. आठवड्याभरात सरकारनेच काम थांबवलं: लष्कर संरक्षण देत नाही तोवर आम्ही कारभार करणार नाही. देशाचं सरकार संपावर गेलेलं माझ्या वाचनात दुसरं नाही.

२५ नोव्हेंबरला डाव्या बाजूच्या छत्रीधारी सैनिकांनी हवाई तळ ताब्यात घेतले. रामाल्यो इयानेस या शांत, कमी बोलणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली मध्यममार्गी सैनिकांनी तो उठाव मोडून काढला. इथून पुढे देश सहज उजवीकडे कलंडू शकला असता. चिलीत दोनच वर्षांपूर्वी लष्कराने काय केलं होतं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. कम्युनिस्ट पक्षावर बंदी घाला, अशी हाकाटी सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी जिंकलेल्या बाजूचा एक प्रमुख विचारवंत अधिकारी, मेलो आंतुनेस, दूरदर्शनवर आला आणि त्याने सांगितलं की कम्युनिस्ट पक्षाशिवाय पुढची उभारणी होऊ शकत नाही. ज्या रात्री लोक सूड मागत होते त्या रात्री हे बोलायला रणगाड्यासमोर उभं राहण्याइतकंच धैर्य लागतं, असं माझं ठाम मत आहे. त्याच्या नावाच्या वस्तू दुकानांत मिळत नाहीत. मायाचा फोटो मात्र शर्टांवर मिळतो, आणि तो मिळायलाच हवा.

घटना २ एप्रिल १९७६ ला मंजूर झाली, त्याच महिन्यात निवडणूक झाली, जूनमध्ये इयानेस थेट मतदानाने राष्ट्राध्यक्ष झाले. क्रांती परिषद १९८२ च्या घटनादुरुस्तीने बरखास्त झाली आणि सैनिक बराकींत परतले. आठ वर्षं लागली. आठ वर्षं हा काळ मोठा वाटतो. आपल्या शेजारच्या देशांकडे पाहिलं की मला तो फार थोडा वाटतो.

आल्कांतारा भागात ‘काझा द गोवा’ ही गोवेकरांची संस्था आहे. तिथे एका संध्याकाळी नव्वदीला टेकलेल्या एक बाई भेटल्या. मूळ साष्टीच्या, लग्नानंतर मोझांबिकमध्ये लोरेन्सो मार्केसला, आजच्या मापुतोला, गेलेल्या. मी “मावशी” म्हटल्यावर कोकणीत बोलू लागल्या. १९७५ साली मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर त्या नवरा-मुलांसह लिस्बनला आल्या, ज्या शहरात त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. वर्ष-दीड वर्षात आफ्रिकेतून पाच लाखांहून अधिक माणसं या नव्वद लाखांच्या देशात आली. सरकारने त्यांना हॉटेलांत ठेवलं, चांगल्या चांगल्या हॉटेलांतसुद्धा, आणि स्थानिक लोक चिडले. बेलेंच्या घाटावर, दर्यावर्दींच्या त्या अजस्र स्मारकाच्या पायथ्याशी, त्यांच्या लाकडी खोक्यांच्या थप्प्या लागल्या होत्या. “आमचं खोकं उघडलं तेव्हा निम्मी भांडी फुटलेली होती,” मावशी म्हणाल्या. “पण शिलाई मशीन शाबूत होतं. त्यावर मी तीन मुलं शिकवली.” क्रांतीबद्दल काय वाटतं असं विचारल्यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, घर गेलं ते वाईट झालं. युद्ध थांबलं आणि धाकट्याला सैन्यात जावं लागलं नाही, ते देवाने केलं.

नव्या लोकशाहीने साम्राज्याचं पान उलटताना आपल्याशीही हिशेब मिटवला. ३१ डिसेंबर १९७४ रोजी परराष्ट्रमंत्री सोआरेस यांनी दिल्लीत करारावर सही करून गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. १९६१ साली सालाझारने गोव्यात शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम सोडला होता आणि तो न पाळता शरण आलेल्या गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांना सैन्यातून काढून टाकलं होतं. त्यांना १९७४ नंतर त्यांची जागा परत मिळाली. आणखी एक गोष्ट मी मावशींना सांगितली, ती त्यांच्याही लक्षात आलेली नव्हती. गोव्याच्या लोकांनी प्रौढ मताधिकाराने आपली विधानसभा १९६३ च्या डिसेंबरात निवडली, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. ज्यांनी गोव्यावर साडेचारशे वर्षं राज्य केलं त्यांना तो हक्क त्यानंतर अकरा वर्षांहून अधिक काळाने मिळाला. मावशी हसल्या आणि त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यांना ते पोर्तुगीजमध्ये मोठ्याने सांगितलं.

आलेन्तेजोत एक दिवस गेले. बुचाच्या झाडांची सालं काढलेली लालसर खोडं, मैलोन्‌मैल एकाच मालकाची असावीत अशी रानं, आणि मध्येच चुन्याने रंगवलेलं गाव. १९७५ साली इथल्या शेतमजुरांनी दहा लाख हेक्टरांहून जास्त जमीन ताब्यात घेतली. ‘कसेल त्याची जमीन’ ही आपल्याकडची घोषणा इथल्या भिंतींवर होती. पुढे १९७७ च्या कायद्यानंतर ती जमीन तुकड्या-तुकड्याने बहुतांशी जुन्या मालकांकडे परत गेली. ग्रांदोलाच्या एका खानावळीत शेजारी बसलेला निवृत्त ट्रॅक्टरवाला म्हणाला, मतदानाचा हक्क राहिला, ट्रॅक्टर गेला. लोकशाही टिकवण्यासाठी झालेल्या तडजोडीचं बिल कुणी भरलं, ते त्याच्या हातांवर दिसत होतं.

शेवटी पेनीशला गेले. अटलांटिकमध्ये घुसलेल्या खडकावरचा किल्ला, खाली लाटा आदळतात, आणि वर सतत वारा. गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक टी. बी. कुन्या यांना इथे आणून डांबलं होतं. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे यांनाही. गोव्याच्या उकाड्यातून आलेल्या या माणसांनी इथला हिवाळा कसा काढला असेल! १९६० च्या जानेवारीत कम्युनिस्ट नेते आल्वारो कुन्याल आणि आणखी नऊ जण याच भिंतींवरून निसटले. २०१६ साली हा किल्ला पर्यटन व्यवसायासाठी खासगी हातांत देण्याच्या यादीत घालण्यात आला होता. जुन्या कैद्यांनी आवाज उठवला, ते नाव यादीतून निघालं, आणि २०२४ साली, क्रांतीच्या पन्नासाव्या वर्षी, इथे राष्ट्रीय संग्रहालय पुरं झालं. प्रवेशापाशी कैद्यांच्या नावांची भिंत आहे, अडीच हजारांच्या आसपास नावं.

त्या दिवशी तिथे एका शाळेची सहल आली होती, पंधरा-सोळा वर्षांची मुलं. या मुलांच्या जन्माआधी, २००७ साली, दूरदर्शनच्या एका कार्यक्रमात प्रेक्षकांनी सर्वांत थोर पोर्तुगीज म्हणून सालाझारला निवडलं होतं, ४१ टक्के मतांनी; कुन्याल दुसरे आले. कठोर उजवा ‘शेगा’ पक्ष २०२५ च्या निवडणुकीत साठ जागा घेऊन संसदेत दुसऱ्या क्रमांकावर पोचला. मुलांपैकी काहींच्या घरांत ती मतं पडली असणार. माहिती सांगणारी तरुणी कोठड्या, भेटीची काच, पळून जाण्याची वाट सगळं दाखवत होती. एका मुलाने विचारलं, “मग पहारेकऱ्यांचं आणि पोलिसांचं काय झालं?”

तिने टाळलं नाही. बहुतेक सुटले, ती म्हणाली. साल्गैरो मायाने देशासाठीच्या विशेष सेवेची पेन्शन मागितली तेव्हा सरकारने ती दिली नाही, आणि १९९२ साली, ज्या वर्षी तो कर्करोगाने वारला, पिदेच्या दोन जुन्या अधिकाऱ्यांना तशाच सेवेची पेन्शन मंजूर झाली. मुलं एकदम बोलू लागली. हे अन्यायाचं आहे, एकजण म्हणाला. सगळ्यांना तुरुंगात टाकलं असतं तर त्यांनी पुन्हा बंदुका उचलल्या असत्या, असं एका मुलीचं म्हणणं. मग बळी पडलेल्यांनी काय करायचं, तिसरीने विचारलं. शिक्षक घड्याळ पाहत होते, बसची वेळ होत आली होती. पण त्यांनी मुलांना थांबवलं नाही. ती तशीच भांडत भांडत अंगणात गेली, आणि मीही त्यांच्यामागून गेले, कारण त्या मुलीला मोंतेरोबद्दल सांगायचं होतं.